मंगळवारच्या संध्याकाळी तिथे कोण खेळणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आल्या दिवशीच वाचली होती. उत्तराला चार दिवस लागले, कारण तिच्यामुळे मला माझा लेख पुन्हा तपासावा लागला. मध्यम आकाराच्या शहराने एक बहुउद्देशीय इनडोअर स्टेडियम बांधावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की हा पांढरा हत्ती आहे, त्याचा खर्च कधीच निघत नाही. सगळ्यांसाठी बांधलेली जागा धड खेळाची राहत नाही, धड गाण्याची. आणि तुम्ही हँडबॉल शिकवता त्या मुलींचा सराव, मोठा कार्यक्रम आला की सगळ्यात आधी रद्द होतो.

पैशाचं आधी. तिथे तुमचं बरोबर आहे. ‘शहराच्या उत्पन्नात मोठी भर पडेल’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७मध्येच अमेरिकेतल्या स्टेडियमांचा हिशोब मांडून दाखवलं होतं, की सरकारी पैसा ओतून शहराची अर्थव्यवस्था म्हणावी तशी वाढत नाही. घरातला करमणुकीचा खर्च ठरलेला असतो. सामन्याचं तिकीट काढलं की त्या आठवड्यातला सिनेमा राहून जातो. म्हणजे बहुतेक पैसा शहरातल्या शहरातच इकडून तिकडे फिरतो. ते वाक्य मी आज लेखातून काढलं आहे.

पण म्हणून विषय संपला, असं मला वाटत नाही. इंग्लंडमधलं शेफिल्ड बघा. १९९१च्या जागतिक विद्यार्थी क्रीडास्पर्धेसाठी त्या शहराने कर्ज काढून बांधकामं केली, आणि ते फेडता फेडता २०२४ साल उजाडलं. तुमच्या बाजूने याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही. मात्र त्या स्पर्धेच्या निमित्ताने झालेल्या दोन वास्तू शेजारी शेजारी ठेवून पाहा. डॉन व्हॅली स्टेडियम मुख्यतः ॲथलेटिक्ससाठी होतं. २०१३मध्ये ते बंद झालं आणि पाडायलाही घेतलं, कर्ज अजून डोक्यावर असताना. दुसरी वास्तू म्हणजे शेफिल्डचं अरेना, बंदिस्त बहुउद्देशीय स्टेडियम; ते मात्र आजही चालू आहे. तिथे आइस हॉकीचा घरचा संघ खेळतो, गाण्याचे कार्यक्रम होतात, कोविडच्या काळात लसीकरणही झालं. दोन्हींत मला दिसणारा मोठा फरक म्हणजे अरेनातली खेळायची जमीन रातोरात बदलता येते, डॉन व्हॅलीतली येत नव्हती.

‘धड खेळाची नाही, धड गाण्याची नाही’ हा आक्षेप निम्मा खरा आहे, आणि तो खरा ठरतो तो नकाशावर. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, हँडबॉलचं ४० बाय २०, आइस हॉकीचं साधारण ६० बाय ३० (उत्तर अमेरिकेत ६१ बाय २६). बर्फाच्या मापाने खुर्च्या पक्क्या बसवल्या, तर बास्केटबॉलच्या दोन्ही टोकांना सोळा-सोळा मीटर ओसाड जागा उरते. उलट केलं तर काय होतं, ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये दिसलं. २०१२मध्ये उघडलेली ती वास्तू बास्केटबॉलच्या मापाची. २०१५मध्ये तिथे आइस हॉकीचा संघ आला, तेव्हा बर्फ एका बाजूला सरकवून बसवावा लागला. वरचा स्कोअरबोर्ड मैदानाच्या मध्यावर येईना आणि बऱ्याच खुर्च्यांवरून एका टोकाचा गोलच दिसेना. तो संघ पुढे तिथून निघून गेला. हे टाळायचं तर मोठ्या मापाची जमीन धरायची आणि खालच्या रांगा आत-बाहेर सरकणाऱ्या ठेवायच्या.

हा बदल मी एकदा मध्यरात्री उभं राहून पाहिला आहे. आइस हॉकीचा सामना संपला, मैदानाभोवतीच्या काचा उतरवल्या. बर्फ वितळवत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. जेमतेम तीनेक सेंटिमीटरचा तो थर खालच्या काँक्रीटमधल्या थंड नळ्यांवर हंगामभर तसाच राहतो. त्यावर उष्णतारोधक फळ्या एकमेकींना भिडवून टाकल्या. मग लाकडी कोर्टाचे क्रमांक घातलेले तुकडे गाड्यांवरून आले, आणि दोन-दोन माणसं ते मांडत गेली. एक जण गुडघ्यावर बसून प्रत्येक सांध्यावरून हात फिरवत होता, कुठे ओल येते का ते बघत होता. एवढ्याशा दमटपणावरही खेळाडूचा पाय घसरतो. सकाळी त्या झाकलेल्या बर्फावर बास्केटबॉलचा सराव सुरू होता. हे काम शिकलेली माणसं पगारावर ठेवणं, हा खर्च शहरं अंदाजपत्रकात विसरतात.

आवाजाचं थोडक्यात सांगते. खेळाला प्रेक्षकांचा गलका घुमलेला चालतो, गाण्याला चालत नाही. छताला आणि भिंतींना आवाज शोषणारे थर सुरुवातीलाच लावले, तर हे बरंचसं सुटतं. नंतर सुचलं तर वेळ जातो. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१चा, आणि तिथला प्रतिध्वनी आवरायला छताखाली तबकड्या टांगल्या १९६९मध्ये. छतात मात्र काटकसर नको. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटर या अरेनाचं छत १८ जानेवारी १९७८च्या पहाटे बर्फाच्या भाराने कोसळलं. आदल्या रात्री त्याखाली सुमारे पाच हजार माणसं सामना बघत होती. काही तासांच्या फरकाने ती वाचली.

माझा खरा मतभेद आकाराबद्दल आहे, आणि तो तुमच्यापेक्षा बांधणाऱ्यांशी जास्त. शहरं वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीचा विचार करून खुर्च्या ठरवतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ग्लेनडेल शहराने २००३मध्ये सतरा हजार खुर्च्यांच्या घरातलं अरेना उघडलं, आइस हॉकीच्या एका संघाच्या भरवशावर. २००९मध्ये संघ दिवाळखोरीत गेला. तो टिकावा म्हणून शहराने लागोपाठ दोन हंगाम अडीच-अडीच कोटी डॉलर मोजले. शेवटी २०२२मध्ये संघ तिथून हलला, तो एका विद्यापीठातल्या पाच हजार खुर्च्यांच्या जागेत. अरेना आता त्या हॉकी संघाशिवाय चालतं. एका संघावर सगळं सोपवायचं नाही, आणि मंगळवारच्या संध्याकाळी जेवढी माणसं येतील त्या हिशोबाने खालचा मजला बांधायचा. वरचा मजला काळ्या पडद्याने झाकता यावा, म्हणजे दोन हजार माणसांतही जागा भरलेली वाटते.

आणि तुमच्या मुली. त्यांच्या बाबतीत मी काहीच लिहिलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं. बास्केटबॉलच्या मापाने आखलेल्या जागेत हँडबॉल बसतच नाही. हॉकीच्या मापाची जमीन असेल तर आरामात बसतो, म्हणून नकाशाच्या टप्प्यावरच तुमच्यासारख्या प्रशिक्षकाने तिथे असायला हवं. तारखांचं त्याहून महत्त्वाचं. स्टेडियम चालवायला देताना जो करार होतो, त्यातच स्थानिक संघांचे तास लिहून घ्यायला हवेत, आणि कार्यक्रमासाठी ते काढून घेतले तर त्याच आठवड्यात बदली जागा देण्याची अटही. व्यवस्थापकाच्या चांगुलपणावर सोडलं की तुमच्याकडे झालं तेच होतं, कारण त्याच्यापुढे एका बाजूला भरलेलं तिकीटघर असतं आणि दुसऱ्या बाजूला चौदा मुली.

पुढचा लेख मी या करारांवरच लिहिते आहे. तुमच्या संघाला आठवड्याला किती तास लागतात, सराव रद्द झाल्याचं किती दिवस आधी कळवतात आणि त्या दिवशी मुली कुठे खेळतात, हे सवडीने कळवाल का?