‘नेम धरता येत नसेल तर कीबोर्ड वापरा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि उठलो, कारण रागाच्या भरात काहीही लिहून गेलो असतो. आज लिहितोय. राग पूर्ण गेलेला नाही, तेही सांगून टाकतो.

मूळ लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की व्हिडिओवर येणारी बटणं आणि वेळेची पट्टी माउसने आणि बोटाने सहज पकडता आली पाहिजेत, त्यासाठी त्यांचं पकडीचं क्षेत्र, म्हणजे क्लिक किंवा स्पर्श जिथे लागू होतो ती जागा, निदान ४४ पिक्सेलपर्यंत वाढवा. त्यावर तुम्ही लिहिलंत की ४४ पिक्सेलचा आकडा सक्तीचा नाही, सगळं मोठं केलं तर व्हिडिओ दिसणार कुठे, आणि बटणं वर आली की सबटायटल झाकली जातात त्याचं काय. शेवटी हे: ‘ज्यांना नेम धरता येत नाही त्यांनी कीबोर्ड वापरावा. लेखकाने आयुष्यात एकही प्लेअर बनवलेला दिसत नाही.’

आकड्याचं मान्य. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, त्यांच्या २०१८ मधल्या २.१ आवृत्तीत ४४ बाय ४४ चा निकष आला तो ‘एएए’ या सर्वांत वरच्या पातळीवर. २०२३ च्या २.२ आवृत्तीत मधल्या ‘एए’ पातळीवर आला तो २४ बाय २४, आणि शेजारच्या बटणापासून पुरेसं अंतर राखलं तर त्याहून लहानही चालतं. मी ‘४४ असलंच पाहिजे’ असं लिहिलं ते चूक होतं, वाक्य दुरुस्त केलंय. पण अ‍ॅपल ४४ पॉइंट सुचवतं आणि गूगलची मटेरियल डिझाइन ही नियमावली ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही त्यांची पिक्सेलसारखीच मापं), हे तुम्ही सोयीने वगळलंत. चूक दाखवायचीच होती तर पूर्ण माहिती द्यायची होती.

आता ते नेमाचं वाक्य. मला झोंबलं ते हेच, कारण त्यात बटण चुकलं की दोष बघणाऱ्याच्या हाताचा, असं गृहीत धरलंय. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि रुंदीवर ठरतो. लक्ष्य अरुंद झालं की वेळ वाढतो, घाई केली की चुका वाढतात. हे धडधाकट हातालाही लागू आहे. तुमच्याही.

आणि कीबोर्ड कुठला? फोनवर व्हिडिओ चालू असताना कीबोर्ड असतो का? लेखाच्या शीर्षकातच ‘बोटाने’ असा शब्द होता, तो तुम्ही वाचला नाहीत की वाचून सोडून दिलात? फोन उभा धरला की पट्टीला साधारण ३६० पिक्सेलची रुंदी मिळते (वेबच्या मापातले पिक्सेल, पडद्याचे प्रत्यक्ष ठिपके नव्हेत). व्हिडिओ दीड तासाचा असेल तर ५४०० सेकंद त्या ३६० पिक्सेलांत बसवायचे, म्हणजे एका पिक्सेलला १५ सेकंद. बोटाखाली ४० पिक्सेल झाकले गेले तर दहा मिनिटं बोटाखाली गेली. हुकलेलं एक वाक्य परत ऐकायला निघालेला माणूस दहा मिनिटांच्या ढिगात चाचपडतो, आणि त्याला तुम्ही नेम शिकवताय. चित्राच्या डाव्या-उजव्या भागावर दोनदा टॅप करून दहा सेकंद मागे-पुढे जाण्याची सोय यूट्यूबने दिली, ती याच अडचणीवरचा उपाय आहे.

मी एकही प्लेअर बनवला नाही म्हणता. अकरा वर्षं हेच काम करतोय. त्यातली पहिली चार वर्षं मीही तुमच्यासारखाच बोलत होतो. मग उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. डाव्या हाताने माउस धरून एका अभ्यासक्रमाचे व्हिडिओ बघत होतो. आवाजाच्या चिन्हावर कर्सर नेला की वर उभी पट्टी उघडायची. चिन्ह आणि पट्टी यांच्यामध्ये चार-पाच पिक्सेलची फट होती. त्या फटीत कर्सर शिरला की पट्टी गायब. पुन्हा चिन्ह, पुन्हा पट्टी, पुन्हा गायब. कीबोर्ड होता की हाताशी! पण फोकस, म्हणजे दाबलेली कळ कुठे लागू होणार ते, कधी पानावर, कधी आवाजावर. स्पेस दाबला की पान खाली सरकायचं. तो प्लेअर मी लिहिलेला होता. ती फट मी ठेवलेली होती, दिसायला छान वाटते म्हणून. तेव्हापासून कुणी ‘नेम धरा’ म्हणालं की मला ते सहन होत नाही, आणि होणारही नाही.

तुम्ही चिमटा काढायच्या नादात न विचारलेली एक गोष्ट खरी अवघड आहे. माउस क्लिक न करता नुसता वरून फिरवला की बटणं दिसतात, बोटाला तसं फिरणं जमत नाही. म्हणून बोटाच्या पहिल्या टॅपने बटणं फक्त दिसावीत, व्हिडिओ थांबू नये. माउसच्या क्लिकने मात्र थेट थांबावा. टचस्क्रीन असलेल्या लॅपटॉपवर एकच माणूस दोन्ही वापरतो, तेव्हा यंत्र कुठलं हे बघून भागत नाही, तो विशिष्ट स्पर्श बोटाचा की माउसचा हे दर वेळी तपासावं लागतं. बोट पट्टीवर टेकलं की पकड सुटू द्यायची नाही, मग ते वर-खाली कितीही भरकटो. आणि बोट टेकलेलं असताना तीन सेकंद झाले म्हणून बटणं लपवायची नाहीत. हे साधं वाटतं, पण कितीतरी प्लेअर इथेच चुकतात.

व्हिडिओ दिसणार कुठे, याचं उत्तर लेखातच होतं: दिसणारी पट्टी ४ पिक्सेलची राहू द्या, तिच्या वर-खाली पकडीचं पारदर्शक क्षेत्र वाढवा. पडद्याचा एक पिक्सेलही जास्त झाकला जात नाही. सबटायटलचा विषय वेगळा आहे, लेख त्यावर नव्हता. तो इथे ओढून आणायचं कारण मला दिसत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर आधी दीड तासाचा एखादा व्हिडिओ फोनवर लावा, फोन एका हातात धरा, आणि अंगठ्याने बरोबर ४२व्या मिनिटावर जाऊन दाखवा. किती वेळा हुकलं ते लिहा. त्यावर मी बोलायला तयार आहे.