नवं-जुनं कोणाचं होतं?

आज दुपारी डबा खाताना ऑफिसातला एक जण म्हणाला, "कर्ज घेताना गोड लागतं, फेडताना रडतात. ग्रीस काय, श्रीलंका काय, सगळे फुकटे!" घास घशातच अडकला. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या गावच्या, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या फळ्यावर अण्णांचं नाव होतं. थकबाकीदार. सात हजारांसाठी. फळा शाळेच्या वाटेवर, आणि मी चौथीत. त्याच सोसायटीत एका बागायतदाराची बाकी अण्णांच्या कितीतरी पट. पण दर मार्चला कागदोपत्री भरणा, लगेच नवी उचल. नवं-जुनं! त्याचं नाव फळ्यावर कधी चढलं नाही. पन्नास मतं होती ना त्याच्या हातात.

देशांचं तरी वेगळं काय असतं हो? आफ्रिकेतल्या झाईरचा, म्हणजे आजच्या काँगोचा, हुकूमशहा मोबुटू घ्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच तिथल्या मध्यवर्ती बँकेत बसवलेल्या ब्लुमेंथाल नावाच्या जर्मन माणसाने १९८२मध्ये लिहून दिलं, की इथे पैसा खाल्ला जातोय, परत येणार नाही. तरी उचल चालूच! गडी अमेरिकेच्या गोटातला. शीतयुद्ध संपलं आणि मग सगळ्यांना त्याचा भ्रष्टाचार दिसायला लागला. इजिप्त आखाती युद्धात अमेरिकेच्या बाजूने उतरला आणि १९९१मध्ये पॅरिस क्लबने, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाने, त्याचं निम्मं कर्ज सोडलं.

आणि जर्मनी? १९५३च्या लंडन करारात जवळपास निम्मं कर्ज माफ, उरलेलं व्यापाराला झेपेल तसं फेडा. रशियासमोर भिंत हवी होती ना! त्या करारावर सही करणाऱ्यांत ग्रीसही होता. २०१५ला त्याच ग्रीसमध्ये बँकांना कुलपं, एटीएममधून दिवसाला ६० युरो, पेन्शनवाले म्हातारे रांगेत, आणि वर बर्लिनहून शिस्तीचे धडे. त्याआधी ग्रीसला दिलेल्या 'मदती'तला मोठा वाटा तर जुनी देणी भागवण्यात आणि बँका सावरण्यातच गेला. त्यात फ्रेंच-जर्मन बँका अलगद सुटल्या. लाज वाटत नाही?

हो, ग्रीसने तुटीचे आकडे लपवले होते. मान्य. अण्णांनीही पीककर्जातले पैसे आत्याच्या लग्नात घातले होते. तेही मान्य.

जाऊ दे. ऑफिसातल्या त्या माणसावर राग नाही माझा, त्याच्या बापाचं नाव कधी फळ्यावर आलं नसेल. अण्णा वर्षभर ओढ्याकडच्या वाटेने फिरले. शेवटी बैल विकून बाकी भरली. सचिव म्हणाला, "नाव उद्या पुसतो." अण्णांनी सदऱ्याच्या बाहीने तिथेच पुसलं. आईने ती बाही दोनदा धुतली.