थकवा म्हणजे आळस नव्हे, आणि एक दिवस चुकल्याने सवय मोडत नाही

गेल्या दोन महिन्यांत एक संदेश आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर तीनदा येऊन गेला. ‘थकवा हे आळसाचेच दुसरे नाव’ असा त्याचा मथळा असून खाली पाच मुद्दे आहेत. थकवा मनाचा असतो, शरीराचा नसतो. चांगली सवय २१ दिवसांत पक्की होते, मात्र एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. रात्री कितीही वाजता झोपलात तरी पहाटे चारला उठलेच पाहिजे. अंगात ताप असला तरी चालायला जावे, कारण घामावाटे ताप निघून जातो. आणि एवढे करून थकवा आलाच तर कडक कोरा चहा घ्यावा. असल्या संदेशांना मी एरवी उत्तर देत नाही. परंतु फोंड्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने हा संदेश खरा मानला आणि त्याची किंमत तिच्या शरीराने मोजली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

ताई औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात आहे. आठवडाभर सकाळपाळी, पुढचा आठवडा रातपाळी. चतुर्थीला तिच्याकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेले आकडे दिसले. एक, दोन, तीन असे करत १७ पर्यंत, मग आडवी रेघ आणि पुन्हा एक. दुसऱ्या फेरीत ११ वर रेघ, तिसऱ्या फेरीत ९ वर, आणि त्यानंतरची पाने कोरी. रोज अर्धा तास चालण्याचा नेम तिने धरला होता. रातपाळीहून आल्यावर पाय उचलत नसत, एखादा दिवस चुके आणि ती सगळे पुसून पहिल्यापासून सुरू करी. ‘माझ्याच्याने काही व्हायचे नाही’, असे ती म्हणाली, आणि ते ऐकून मला त्या संदेशाचा खरोखर संताप आला. तीन फेऱ्यांत मिळून ती ३७ दिवस चालली होती, तरी तिच्या हिशेबी हाती काहीच राहिले नव्हते.

हा २१ दिवसांचा आकडा मुळात सवयीच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० सालच्या आपल्या पुस्तकात एक निरीक्षण नोंदवले होते, ते असे की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस तरी लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला, चेहराही गळून पडला, आणि उरला तो नुसता आकडा. सवय लागायला प्रत्यक्षात किती काळ लागतो हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी तपासले, आणि २०१० साली ते छापून आले. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली, उदाहरणार्थ जेवणाबरोबर फळ खाणे किंवा रात्रीच्या जेवणाआधी थोडे धावणे, आणि बारा आठवडे ती रोज ठरलेल्या प्रसंगी केली की नाही याची नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला लागणारा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष हा की अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे ताईने मारलेल्या त्या रेघांना कसलाच आधार नव्हता. अठराव्या दिवशी तिने १८ लिहायला हवे होते.

थकवा मनाचा असतो, हा मुद्दा तर याहून घातक आहे. आग्रह करकरून तिची रक्ततपासणी करून घेतली, तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघाले, बाईमाणसाचे ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. थायरॉईड मंदावणे, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे, यांतल्या प्रत्येकाची पहिली तक्रार थकवा हीच असू शकते. अशा माणसाला आळशी म्हणणे म्हणजे त्याला दवाखान्याच्या दारातून परत फिरवणे आहे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. दिवसभर खुर्चीत बसून येणारा जडपणा थोडे चालल्याने खरोखर उतरतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या २००८ सालच्या प्रयोगात, सतत थकवा जाणवणाऱ्या पण एरवी बैठ्या असलेल्या तरुणांचा थकवा व्यायामाने कमी झाला. तथापि हलका व्यायाम करणाऱ्यांचा तो जास्त जोर लावणाऱ्यांपेक्षा अधिक उतरला, हेही त्याच प्रयोगात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगताना, तो सलग दहा मिनिटांचाच असावा ही जुनी अट काढून टाकली आहे. तेव्हा थकलेल्या दिवशी अर्ध्या तासाऐवजी तुळशीवृंदावनाभोवती पाच मिनिटे फिरले तरी ते हिशेबात धरावे.

पहाटे चारचे काय सांगावे? रातपाळीचा माणूस चार वाजता यंत्रापाशी उभा असतो. प्रौढांना सात तास तरी झोप हवी. ती कधी घ्यायची हे ज्याच्या त्याच्या पाळीवर ठरते.

तापाचा मुद्दा मात्र संदेशातून आजच काढून टाकला पाहिजे. घामावाटे विषाणू बाहेर पडत नाहीत. अंगात ताप असताना दमछाक केली तर शरीरातले पाणी आणखी घटते, आणि काही विषाणूजन्य तापांत हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू असतो, शेतातल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. अशा वेळी विश्रांती, पेज, भरपूर पाणी आणि वेळेवर तपासणी हाच मार्ग आहे. ताप उतरून अंगात बळ आल्यावर चालणे पुन्हा सुरू करता येते.

चहाला माझी हरकत नाही. फक्त लोहाची गोळी चालू असेल तर तिच्याबरोबर चहा घेऊ नये, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर उलट बरे. रातपाळीवाल्यांनी पहाटेचा शेवटचा कप टाळावा, नाहीतर घरी येऊन झोप लागत नाही.

हा संदेश ज्या आतेभावाने पाठवला, त्याला मी हे सारे फोनवर सांगितले. ‘वाईट काय आहे त्यात, प्रेरणाच मिळते,’ असे तो म्हणाला. ताईची लोहाची गोळी चालू आहे आणि पुढची तपासणी महिन्याभराने आहे. तोवर त्याने निदान दुसरा आणि चौथा मुद्दा तरी मागे घ्यावा, अशी माझी त्याला उघड विनंती आहे.