हीटर लावू का?

चायनीज इलेक्ट्रिक गाडी घेतली असं भारतात फोनवर सांगितलं की पुढचं वाक्य काय येणार ते ठरलेलं असतं. सांगलीचे मामा म्हणाले, "अरे दिवाळीची चायनीज माळ भाऊबीजेपर्यंत टिकत नाही, आणि तू गाडी घेतलीस?" आता मामांना काय सांगणार की इथे नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि त्यात बीवायडी, एमजी, एक्सपेंग वगैरे चायनीज मंडळी आता सर्रास दिसतात. शिवाय आम्ही घेतली तेव्हा ५ लाख क्रोनरपर्यंतच्या इलेक्ट्रिक गाडीवर २५ टक्के व्हॅट पूर्ण माफ होता. एवढी माफी दिसल्यावर कुठला मराठी माणूस शोरूममधून रिकाम्या हाताने परत येईल? आमची नेमकी कुठली ते सांगत नाही, उगाच कंपनीला वाईट वाटायचं.

या माफ्यांचा इतिहासही मजेशीर आहे बरं का. १९८९ मध्ये इथल्या आ-हा बँडमधले दोघं आणि बेलोना या पर्यावरणवाल्या संघटनेचा फ्रेडरिक हाउगे यांनी इलेक्ट्रिक केलेली एक फियाट पांडा बाहेरून आणली आणि टोल न भरता सरळ नाक्यावरून हाणली. दंड झाला, तो भरला नाही, गाडी जप्त झाली, लिलाव झाला, आणि ती गाडी दुसऱ्या कुणाला नकोच होती म्हणून यांनीच परत स्वस्तात घेतली आणि परत टोल चुकवला. असं बरंच चाललं. पुढे १९९७ ला इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. आता परत भरावा लागतो, पेट्रोलवाल्यांपेक्षा कमी, पण लागतोच.

असो. मुद्दा हीटरचा आहे.

गावाकडच्या चुलीला मागे वैल असायचा आठवतंय का? पुढे भाकरी चाललीय आणि मागच्या वैलावर आमटी आपोआप गरम राहतेय, वेगळं जळण नको. पेट्रोलची गाडी अगदी तशी, इंजिन तापणारच असतं, त्या वाया जाणाऱ्या धगीवर आतली माणसं फुकटात शेकतात. इलेक्ट्रिक गाडीला वैलच नाही! मोटर इतकी काटकसरी की वाया असं फार काही जातच नाही, म्हणजे जी ऊब पाहिजे ती त्याच बॅटरीतून काढायची जिच्यावर घरी पोचायचंय. केबिनचा हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॅट खातो, सीटचा हीटर शंभरेक वॅटमध्ये भागवतो. हे आकडे मला पाठ आहेत आणि त्याहून जास्त माझ्या बायकोला पाठ आहेत, कारण ती "हीटर लावू का" म्हणाली की मी "सीट लाव ना" म्हणतो, हा आमच्या संसारातला नोव्हेंबर ते मार्चचा एकमेव संवाद आहे.

सकाळी गाडीत शिरणं हे वेगळंच प्रकरण. हँडल दाराच्या आत लपणारं, दिसायला एकदम झकास, चीनमधल्या ज्या साहेबांनी ते काढलं ते बहुतेक उबदार भागातले असावेत. रात्री स्लीट म्हणजे बर्फमिश्रित पाऊस पडून पहाटे उणे पंधरा झालं की हँडल बाहेरच येत नाही. मग मुठीच्या कडेने दाराला गोल गोल गुद्दे घालायचे, म्हणजे बर्फाचा पापुद्रा फुटतो, आणि ते अशा बेताने घालायचे की शेजाऱ्यांना भांडण वाटू नये. गरम पाणी ओतायचं नाही, ते तिथेच गोठतं आणि वर काच तडकली तर बोनस. हँडल सुटलं की कळतं केबल अडकलीय. चार्जिंगच्या भोकात जी खिट्टी प्लगला धरून ठेवते ती गारठून बसलेली, सोडायला तयार नाही, म्हणजे गाडी फुल चार्ज आहे पण भिंतीला बांधलेली आहे, दावणीच्या म्हशीने हलू नये तशी. शेजारचे आजोबा रोज कुत्रा फिरवताना हे बघतात. एकदा मी कुरकुरलो तर त्यांनी मला इथली जगप्रसिद्ध म्हण ऐकवली, वाईट हवा असं काही नसतंच, फक्त वाईट कपडे असतात. मी ती लगेच घरी येऊन हीटरच्या संदर्भात वापरली. नको होती वापरायला एवढंच म्हणतो.

शिवाय गाडी बोलते. लेन सोडली की टिंग, स्पीड दोनने वाढला की टुंग, आणि स्टिअरिंगमागे एक कॅमेरा सतत माझ्या डोळ्यांकडे बघत असतो. कानटोपी भुवयांपर्यंत ओढली की तिला वाटतं हा पेंगतोय, मग ती लाडात येऊन कॉफी ब्रेक घ्या म्हणते. अगं बाई, हीटर बंद आहे म्हणून टोपी आहे, तुझीच बॅटरी वाचवतोय!

तर जानेवारीत ट्रॉनहाइमच्या एका मित्राकडे हळदीकुंकू होतं. ऑस्लोपासून साधारण पाचशे किलोमीटर, ई-६ हायवे, मध्ये डोव्रेफेल्लचा डोंगर. कागदावर गाडीची रेंज ४२० आहे. कागद बहुतेक पंख्याखाली बसून लिहिलेला असतो, इथे उणे वीसमध्ये अडीचशे मिळाले तर मी देवाला नारळ फोडीन. बायको पैठणीत, मागे तिळगुळाचे डबे, धपाटे, वाणाच्या पिशव्या, आणि पुढे स्क्रीनवर टक्के. लिलेहामरपर्यंत टक्के सभ्यपणे उतरत होते, तिथे एकदा चार्ज केली, पुढे घाट नाही पण चढ आहेच, आणि आमची बॅटरी एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो म्हणून नक्की किती उरलंय ते गाडीलाच नीट कळत नाही, ती आपली अंदाजपंचे. बारा दाखवत होती, एका बोगद्यातून बाहेर आलो तर सात! बायकोने न बोलता हीटर बंद केला. हे न बोलणं वाईट.

डोम्बोसला पोचलो. चार्जर १५० किलोवॅटचा आणि आमची गाडी घेतेय ३८. थंड बॅटरीत जोरात करंट कोंबला तर आत लिथियमचा धातू साचतो आणि ती कायमची बिघडते, म्हणून गाडी स्वतःच हात आखडते, हे सगळं बरोबर आहे, शास्त्रशुद्ध आहे, पण शेजारी मागून आलेली एक जर्मन गाडी चार्ज होऊन निघूनसुद्धा गेली त्याचं काय? बॅटरी आधी गरम करून आणायची सोय आहे, पण ती गाडीच्याच नकाशात चार्जर निवडला तर चालते, आणि गाडीच्या नकाशाला हा चार्जर माहीतच नाही. फोनच्या नकाशाला माहीत आहे, पण फोनचं गाडी ऐकत नाही. बायको म्हणाली, "तुझ्याच वळणावर गेलीये." पेट्रोलपंपावर पोलसे म्हणजे सॉसेज सोडून गरम काही नव्हतं, आम्ही गोठलेले धपाटे सीटच्या हीटरवर ठेवून मऊ केले. होतात, खरंच होतात, पंधरा मिनिटं द्यायची आणि मध्ये एकदा उलटायचे.

ट्रॉनहाइमला पोचलो तेव्हा आत उखाणे सुरू झाले होते. हिने जॅकेटसुद्धा काढलं नाही, दारातच उभं राहून घेतला:

"पैठणीवर स्वेटर, स्वेटरवर जॅकेट, त्यावर पांघरली शाल,
...राव म्हणतात, हीटर लावलास तर ट्रॉनहाइमला चालत चाल!"

बायका खो खो हसल्या, एकीने "परत घे, परत घे, रेकॉर्ड करते" म्हणून तो परत घ्यायला लावला. पुरुषमंडळी हसली नाहीत कारण ती खोलीतच नव्हती, सगळे खाली गॅरेजमध्ये यजमानांच्या एकुलत्या एक चार्जरभोवती उभे राहून कोणाला किती टक्के पाहिजेत त्याची यादी करत होते. आमचा नंबर रात्री दीडचा लागला.