मामांची वही कुणी मागितलीच नाही

बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीकडच्या एका गावात आज बारशाला गेले होते. येताना माळावर नवं शेततळं दिसलं. कडेला एका स्वयंसेवी संस्थेचा चकचकीत बोर्ड, तळ्यात पाण्याचा टिपूस नाही. पावसाळा सरून दोन महिनेही झाले नाहीत! माझं डोकंच फिरलं, कारण मी पूर्वी जिथं काम करायचे त्या संस्थेचं तळं याच माळावर असंच कोरडं पडलं होतं.

तो सगळा जांभा दगड आहे हो. मलप्रभा उगम पावते तो पट्टा, पाऊस धो धो पडतो, पण जांभ्यात पाणी थांबत नाही. झिरपतं आणि खाली उतारावर झरा होऊन निघतं. वर तळं करायचं तर तळाला प्लास्टिकचा कागद अंथरायला पाहिजे, नाहीतर सरळ खालचा झरा बांधून घ्यायचा. आमचे फिल्डवरचे मामा हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून शिकले. त्यांच्यामागून उतार उतरून एकेक झरा बघून आले. कुठला झरा होळीलाच आटतो, कुठला वळवापर्यंत धरतो, कुठल्या विहिरीचा तळ कधी दिसतो, सगळं वहीत. नाल्यांचे नकाशे पेन्सिलीनं काढलेले. तळं का आटलं तेही लिहिलेलं.

प्रोजेक्ट संपला. इंग्रजी अहवाल रंगीत फोटोंसकट दिल्लीला गेला. त्यात तळी किती खोदली ते होतं, आटलेल्या तळ्याबद्दल एक ओळ नव्हती. मामा निवृत्त झाले, त्यांना शाल-नारळ दिला. वही कुणी मागितली नाही.

फंड देणाऱ्याला आकडे लागतात, मान्य. पण गावाला काय लागतं ते कोण विचारणार? दर नव्या प्रोजेक्टला नवा सर्व्हे. टॅब घेऊन पोरं येतात, घरात माणसं किती, शेळ्या किती, पाणी कुठनं आणता. आज बारशातच एक आजी म्हणाल्या, "गेल्या खेपेला पण हेच लिवून नेलासा की. त्याचं काय केलासा?" मला उत्तर देता आलं नाही. लोकांचा वेळ फुकटचा आहे का?

त्या पोरांवर राग नाही माझा. तुटपुंजा पगार, वर्षाचं कंत्राट, टिकणार कशी? त्यांना मामांसारख्या माणसाबरोबर महिनाभर फिरू दिलं असतं तर हे तळं तिथं खोदलंच नसतं.

रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेनं करायचं, हे 2005 च्या कायद्यानंच ठरवून दिलं होतं, कलम 17. सरकारी कामाचा हिशेब गावापुढे मांडायचा, मग आपल्या संस्थांचा का नाही? कामाचा अहवाल मराठीत आणि कन्नडमध्ये पंचायतीत ठेवा. काय फसलं ते पहिल्या पानावर लिहा. फंड जाईल अशी भीती वाटते, ठाऊक आहे मला. तरी लिहा.

वही अजून मामांच्या घरी आहे. त्यांची परवानगी घेऊन झेरॉक्स काढणार आणि त्या बोर्डवाल्यांना स्वतः नेऊन देणार आहे.

खानापूर, चिकोडी, निपाणीकडे संस्थांमध्ये काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, नोकरी सोडताना नुसत्या कपाटाच्या किल्ल्या देऊ नका. नव्या माणसाला गावात घेऊन जा, ज्या बायकांनी तुम्हाला शिकवलं त्यांच्यापुढे नेऊन बसवा. आणि साहेबांनो, त्या दिवसांचा पगार दोघांनाही द्या.