‘ते तर दहावीचं गणित’: एका प्रतिक्रियेला उत्तर

इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत (पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण देणारी, कमी फीची सरकारी कॉलेजं) गणिताचे कोणकोणते कोर्स मिळतात यावर गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं. त्यावर पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांची बरीच मोठी प्रतिक्रिया आली. तिथेच खाली उत्तर लिहायला बसले, पण ते वाढत गेलं, म्हणून इथे देते आहे.

सर, आधी तुमचं बरोबर होतं ते सांगते. ‘फी दर युनिटला 46 डॉलर’ असं मी सरसकट लिहिलं होतं (युनिट म्हणजे कोर्स केवढा आहे ते मोजायचं माप). तो दर सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजांचा आहे, 2012 पासूनचा. डि अँझा, फूटहिल ही क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांची कॉलेजं, तिथे दर युनिटला 31 डॉलर पडतात. आणि हे दोन्ही दर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी, बाहेरून येणाऱ्याला कितीतरी पट जास्त भरावे लागतात. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत, आभार.

आता तुमचं ते वाक्य. जसंच्या तसं देते: ‘ताई, भावना बाजूला ठेवून बघा, तुम्ही ज्याचं एवढं कौतुक करताय ते आपल्याकडचं दहावीचं गणित आहे.’

‘ताई, भावना बाजूला ठेवून.’ लेखात मी कोर्सची नावं दिली होती, युनिट दिले होते, कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरला जातो ते दिलं होतं. त्यात भावना कुठे दिसली तुम्हाला? हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर ‘दादा, भावना बाजूला ठेवा’ असं तुम्ही लिहिलं असतंत का? मनापासून विचारते आहे. पस्तीस वर्षं शिकवल्याचं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. वर्गात एखाद्या मुलीने शंका विचारली तर तिलाही याच सुरात उत्तर मिळायचं का, हा विचार दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आणि ‘दहावीचं गणित’. हो, त्यातला एक भाग दहावीचाच आहे. मी कुठे नाकारलं? पण ते तुम्ही ज्या तऱ्हेने म्हणता, जणू दहावीचं गणित दहावीतच संपायला हवं होतं आणि ज्याचं राहिलं त्याने आता तोंड बंद ठेवावं, ते मला मान्य नाही. कारण माझं राहिलं होतं.

माझी दहावी कराडला झाली. बीजगणित पंचाहत्तर, भूमिती पंचाहत्तर, एकूण 150 पैकी मला 57. काठावर पास. निकाल घेऊन घरी आले तेव्हा ‘आर्ट्सला घाला’ एवढंच बोलणं झालं, आणि गणित माझ्या आयुष्यातून गेलं. रेषेचा चढ काढायचं सूत्र मला पाठ होतं: वाय दोन वजा वाय एक, भागिले एक्स दोन वजा एक्स एक. परीक्षेत ते लिहून मी गुणही मिळवले होते. चढ म्हणजे काय हे मात्र कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

लग्नानंतर 2004 मध्ये मी इथे आले. डिपेन्डन्ट व्हिसा, त्यावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्यावर रहिवाशांची फी लागू झाली आणि मी नाव घातलं. तेव्हा प्लेसमेंटची, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा असायची. मी बसले ‘बिगिनिंग आल्जिब्रा’च्या वर्गात, वयाच्या तिसाव्या वर्षी.

माझ्या शेजारी पन्नाशीचा एक माणूस बसायचा. मेक्सिकोहून आलेला, घरांची छपरं घालायचं काम करणारा. कामावरून थेट वर्गात यायचा, नखांत डांबर तसंच असायचं. चढ शिकवायला सुरुवात झाली, बाईंनी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. हा माणूस म्हणाला, ‘हे तर फोर-ट्वेल्व्ह.’ बाईंनी त्याला फळ्याशी बोलावलं. त्याने छपराची एक बाजू काढली. आडवं बारा इंच गेलं की वर चार इंच. इथले छपरवाले उतार असाच सांगतात. चार भागिले बारा, एक तृतीयांश. मग त्याने दुसरी बाजू काढली, आणि बाईंनी विचारलं, आता डावीकडून उजवीकडे जाताना काय होतं? खाली येतं. म्हणून उणे एक तृतीयांश. चढ उणे कसा असू शकतो, हे मला पंधरा वर्षांनी, एका छपराच्या चित्रावरून कळलं.

सर, हे दहावीचं गणित आहे, आणि मला ते दहावीत मिळालं नव्हतं. त्या वर्गातल्या तीसेक जणांपैकी बहुतेकांना ते त्यांच्या त्यांच्या दहावीत मिळालं नसणार. कुणी शाळा सोडलेली, कुणी सैन्यातून परत आलेलं, एक नर्स होऊ पाहणारी आजी होती. कॉलेजने त्यांना ‘आता उशीर झाला’ म्हटलं नाही.

शिवाय गणित तिथेच थांबत नाही, हे लेखात होतं. ते तुम्ही वाचून सोडून दिलंत. प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, पुढे डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर आल्जिब्रा. शेवटचे दोन विषय तुम्ही कुठल्या इयत्तेत शिकवत होतात? हेच कोर्स करून मुलं दोन वर्षांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला जातात. डेव्हिस, अर्वाइन, सॅन्टा बार्बरा धरून सहा कॅम्पस तर अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी वेबसाइटवर कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरला जातो हे कुणालाही बघता येतं. दहावीचं गणित म्हणून हे कुणी चालवून घेतलं असतं का?

लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमधल्या हाईमे एस्कलान्टे सरांबद्दल तुम्ही वाचलं असेल. बोलिव्हियात गणित शिकवलेला हा माणूस अमेरिकेत आल्यावर पासाडीना सिटी कॉलेजात शिकला. तेही कम्युनिटी कॉलेजच. 1982 साली त्यांची 18 मुलं एपी कॅल्क्युलस (शाळेतच देता येणारी कॉलेज पातळीची परीक्षा) पास झाली, तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांनी त्यातल्या 14 जणांवर कॉपीचा संशय घेतला. 12 जणांनी परत परीक्षा दिली आणि सगळे पास झाले. पुढे त्यांची मुलं उन्हाळ्यात ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात गणिताचे वर्ग करायची. ‘या मुलांना हे येणारच नाही’ हा सूर मी ओळखते. त्याच सुरात वाढले आहे.

तुमचे बाकीचे मुद्दे. नव्या कायद्यामुळे, म्हणजे कॅलिफोर्निया विधानसभेच्या 2017 च्या एबी 705 आणि 2022 च्या एबी 1705 या विधेयकांमुळे, मी ज्या वर्गात बसले तो पायाभूत वर्गच बहुतेक कॉलेजांतून गेला, आता विद्यार्थ्याला थेट विद्यापीठ पातळीच्या कोर्सला बसवतात, मग कौतुक कशाचं, असं तुम्ही विचारलं आहे. वर्ग गेला हे खरं, पण आता मुख्य कोर्सबरोबर जोडीला मदतीचा वर्ग देतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याकडे 1989 पासून आहे, हेही मान्य. पण ते मला कराडला कुणी सांगितलं नाही. अमेरिकेतल्या लोकांनी भारताला नावं ठेवू नयेत, या वाक्याला उत्तर देत नाही. मी ठेवलेली नाहीत.

कॅल्क्युलसपर्यंत पोचायला मला पाच वर्षं लागली. मधे दोन बाळंतपणं झाली. आज मी अकाउंटिंगमध्ये नोकरी करते आणि मंगळवारी संध्याकाळी त्याच कॉलेजच्या गणिताच्या मदत केंद्रात बसते. कुणी चढ विचारला की मी अजूनही छप्पर काढते.

तुमची मुलगी फ्रीमाँटला असते असं तुम्ही लिहिलं आहे. तिथेच ओलोनी कॉलेज आहे. उन्हाळ्यात आलात तर शिक्षकांची परवानगी घेऊन गणिताच्या एखाद्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसा, मग लिहा. मी ती प्रतिक्रिया शब्द न् शब्द वाचेन. आणि त्या वेळी ‘ताई’ नको. लेखाखाली माझं नाव आहे, त्या नावाने लिहा.