मांजर सोडून देण्याआधी एवढं वाचा

सुनेला दिवस गेले किंवा मुलाच्या हातावर गजकर्णाचा चट्टा उठला, की मुंबईतल्या कित्येक घरांत पहिली गदा मांजरावर येते. पिशवीत घालून रातोरात मासळी बाजारात सोडून येतात. मांजराचे काही रोग माणसाला होतात, हे खरं आहे. पण मांजर घराबाहेर गेलं म्हणून रोग जात नाही.

गजकर्णाचंच बघा. पिल्लाच्या कानाच्या कडेला, नाकावर किंवा पंजावर केस तुटून गोल टक्कल पडतं, कोंडा दिसतो. गजकर्ण म्हणजे बुरशी, आणि ती गळलेल्या केसांवर आणि कोंड्यावर वर्षभरसुद्धा तग धरते. मांजर गेलं तरी सोफा घरातच असतो! व्हेटकडच्या वूड्स लॅम्पखाली (जांभळ्या अतिनील दिव्याखाली) केस हिरवे चमकले तर संशय बळावतो, पण नाही चमकले म्हणून सुटलो असं समजू नका, कल्चर, म्हणजे केसांवरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघण्याची तपासणी, करून घ्या. मांजराला पोटातून औषध आणि आठवड्यातून दोनदा औषधी अंघोळ, असे निदान सहा आठवडे धरून चाला. घरातली बाकीची मांजरंही तपासायची. कोरडा झाडू मारू नका, बुरशी हवेत उडते. ओल्या फडक्याने केस टिपा, मग फरशी साबणाने धुऊन पातळ ब्लीचने पुसा आणि वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा. फिनाईल नको, ते मांजराला विषारी आहे.

आणि प्रत्येक गजकर्ण मांजराचं नसतं. कमरेला, जांघेत उठलेलं बहुतेक वेळा माणसाकडूनच आलेलं असतं: घाम, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, एकच टॉवेल. मांजराचं सहसा त्याला उचलून घेतो तिथे दिसतं, म्हणजे हात, मान, चेहरा. दोन्हीत घात करते ती केमिस्टकडून विचारून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, चट्ट्याची कड पुसट होते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

गरोदरपणातली भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची, कारण तो पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून त्याची अंडी टाकतं. ती अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर, म्हणजे मांजराच्या शीची माती, रोज साफ झालं पाहिजे, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर, कुंडीतली माती यांतूनही हा संसर्ग होतो. त्यांचा विचार कुणी करत नाही. रिपोर्टमध्ये नुसतं आयजीजी (एक प्रकारची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर बहुधा ती जुन्या संसर्गाची खूण असते. घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खरी घाई करायची ती मांजर चावल्यावर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, महापालिकेच्या रुग्णालयात ती मोफत मिळते. त्वचेत देतात तेव्हा डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (जखमेत देतात त्या तयार अँटीबॉडीच्या इंजेक्शनबद्दल) विचारा. चावलेल्या मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. हाकलून दिलेल्या मांजरावर ते ठेवणार कसं? शिवाय मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, जंतू आत राहतात. हात सुजला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उलटा प्रवासही होतो. कोरोना आणि फ्लू माणसाकडून मांजरांना झाल्याची नोंद आहे, तेव्हा तुम्हाला ताप असेल तर मांजराला कुशीत घेऊ नका. कच्चं चिकनही घालू नका, त्यातून बर्ड फ्लू होऊ शकतो: नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले.

बोचकारल्यावर काही आठवड्यांनी काखेत किंवा मानेला गाठ आली, तर मांजराच्या पिसवांमधून येणारा बार्टोनेला हा जीवाणू त्यामागे असू शकतो. मुंबईत गाठ म्हटली की आधी टीबीचा संशय येतो आणि तो तपासायलाच हवा. पण घरात मांजर आहे आणि त्याने बोचकारलं होतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.